शित्सुके म्हणजे शिस्त नव्हे का?

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत मी सव्वीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आमच्या शॉपच्या भिंतीवर एक तक्ता होता. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढून टाका, हवं ते जागेवर ठेवा, झाडून-पुसून घ्या, याची घडी बसवा आणि शेवटी शिस्त. 'फाइव्ह एस' या नावानं जगभरच्या कारखान्यांत पोचलेले हे पाच जपानी शब्द. शेवटच्या शब्दाबद्दल माझी कित्येक वर्षं अशी समजूत होती, की रंगाऱ्यानं 'शिस्त' लिहिताना घोटाळा केला असावा! अर्थ जुळत होता, त्यामुळे कुणाला विचारायचीही गरज पडली नाही.

निवृत्तीनंतर ते जपानी पुन्हा घरात आलं ते पुतणीमुळे. तिचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, पुढे नर्सिंगचा कोर्स. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला हात कमी पडताहेत. त्यासाठी त्या देशानं एप्रिल २०१९ पासून विशेष कौशल्याचा वेगळा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी तसा करारही केला. मात्र कामाच्या परीक्षेबरोबर भाषेचीही परीक्षा द्यावी लागते. एन-५ ही पहिली पायरी, व्हिसासाठी निदान एन-४ किंवा त्या तोडीची दुसरी परीक्षा. पोरीनं साठवलेले पैसे भरून क्लास लावला आणि दीड महिन्यात वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. "काका, फी गेली तर जाऊ दे. मला हे जमणार नाही."

मी वही चाळली. प्रत्येक जपानी वाक्याखाली इंग्रजी वाक्य आणि त्याखाली बारीक अक्षरात मराठी. क्लासमध्ये शिकवायचे इंग्रजीतून, पुस्तकही इंग्रजी. म्हणजे अंबरनाथहून कल्याणला जायचं, पण आधी कर्जत गाठायचं! मी म्हटलं, मधली ओळ खोडून टाक, बघू काय होतं ते. जपानी मलाही येत नव्हतं. आम्ही दोघंही एकाच इयत्तेत बसलो.

'कोरे वा होन देस.' हे पुस्तक आहे. कोरे म्हणजे हे, होन म्हणजे पुस्तक, देस म्हणजे आहे. क्रियापद आपल्यासारखं शेवटी. आता प्रश्न करायचा तर? 'कोरे वा होन देस का?' हे पुस्तक आहे का? 'का' तोच आणि जागाही तीच. (दोन्ही भाषांचं नातं वगैरे काही नाही, हा निव्वळ योगायोग. पण योगायोगाचा फायदा घ्यायला कुणाची हरकत असावी?) उकाड्यात आपण 'उकडतंय ना?' म्हणतो, तसं तिथे 'आत्सुई देस ने'. इंग्रजीत शब्दाच्या आधी येणारी अव्ययं जपानीत मागे लागतात. 'अंबरनाथ कारा बदलापूर मादे' म्हणजे अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत. 'निहोंगो गा वाकारिमास' याला इंग्रजी पुस्तकानं अर्धं पान खर्च केलं होतं. मराठीत ते 'जपानी समजतं' इतकंच आहे. आपणही 'मी जपानी समजतो' म्हणत नाही, 'मला जपानी समजतं' म्हणतो.

खरी गंमत 'ते'-रूपाची. वर्गातली निम्मी मुलं म्हणे इथेच गळतात. क्रियापदाचं हे रूप म्हणजे जवळजवळ आपलं 'ऊन'. ताबेते, खाऊन. ताबेते मिरु, खाऊन बघणे. ताबेते शिमाउ, खाऊन टाकणे. शिते ओकु, करून ठेवणे. इंग्रजीत 'बघणे', 'टाकणे', 'ठेवणे' यांची अशी जोडी लावता येत नाही, म्हणून तिथे लांबलचक खुलासे. आमच्याकडे पुतणीनं डब्यातला लाडू पुढे करून 'ताबेते मिते' म्हटलं आणि तिच्या आईला न शिकता कळलं. घराबाहेर पडताना जपानी माणूस म्हणतो 'इत्ते किमास', म्हणजे शब्दशः जाऊन येतो. आतून उत्तर येतं, 'इत्ते राश्शाई', जाऊन या! नुसतं 'जातो' म्हटलं की दटावणारी माझी आजी तिकडे सहज रुळली असती.

लिपीचंही तसंच. आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच वर्णमालेवरून गेलेला आहे, चीनमार्गे, बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून. हिरागानाची छेचाळीस अक्षरं पुतणीनं आठवड्यात पाठ केली. कांजी चित्राक्षरांचं मात्र काही खरं नाही. जपानी सरकारच्या नित्य वापराच्या यादीतच ती २१३६ आहेत. तिथे मराठी कामाला येत नाही, घोकंपट्टीच.

आणि मराठी कधी कधी आडवीही येते. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना सोडून देतो. जपानीत तेवढ्यानं नातं बदलतं. ओजिसान म्हणजे काका, 'जि' लांबवला की आजोबा. 'ब्योइन' हे इस्पितळ आणि 'बियोइन' हे केस कापायचं दुकान. नर्सनं हे चुकवून कसं चालेल?

त्याहून मोठी चूक आदराची. पुतणीनं सरावात वाक्य केलं, "माझे वडील कारखान्यात काम करतात." वडिलांना तिनं 'ओतोसान' म्हटलं. शिक्षिकेनं लाल रेघ मारली. परक्यापाशी बोलताना आपले वडील 'चिचि'. ओतोसान दुसऱ्याचे. परक्यासमोर आपल्या माणसाला मोठेपणा द्यायचा नाही. पोर हटून बसली, "बाबांना असं कसं म्हणू?" मराठीत घरातल्या वडीलधाऱ्यांना परक्यासमोरही 'अहो-जाहो' करतो, ते वळण सुटेना. दुसरीकडे ज्या म्हाताऱ्यांची ती सेवा करणार, त्यांना 'तुम्ही' म्हणून 'आनाता' म्हटलेलंही बरं दिसत नाही. आडनावापुढे 'सान' लावायचं. मी तिला म्हटलं, आपण तरी आजींना नुसतं 'तुम्ही' कुठे म्हणतो, 'आजी, जेवलात का?' म्हणतो. ते तिला पटलं. चिचि अजून पटलेलं नाही.

महाराष्ट्रात जपानी शिकण्याची जुनी परंपरा पुण्याची. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत त्यांचं केवढं कौतुक झालं! पण लोकलनं पुण्याला रोज जाता येत नाही, म्हणून जवळपास मिळेल तो क्लास आणि मिळेल ते पुस्तक, अशी इकडच्या मुलांची गत.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मुंबईला एन-५ ची परीक्षा होती. वयाची अट नसल्यानं मीही फॉर्म भरला होता. पोरीचा पेपर बरा गेला. ऐकण्याच्या भागात माझी दांडी उडाली. परतीच्या गाडीत ती चुकलेले प्रश्न आठवत होती. डोंबिवली येईपर्यंत तिनं एन-४ च्या पुस्तकाची किंमत काढली होती. फडताळाच्या दारावर नव्या कांजीचा कागद लागलाय. त्यात पहिलंच अक्षर आहे वडील.