स्तवनाच्या साथीला गिटार

पर्युषणातील भक्तिसंध्येला हार्मोनियम-ढोलकीच्या शेजारी घरातील एखादा तरुण गिटार घेऊन बसतो आणि स्तवन सुरू होताच त्याची तारांबळ उडते. एकेक कॉर्ड त्याला पाठ असते. परंतु एकीवरून दुसरीवर जाताना बोटे अडखळतात आणि ताल पुढे निघून जातो. कित्येकांची गिटार पहिल्या महिन्यातच कपाटावर जाते, ती याच कारणाने.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी उमटणारे तीन किंवा अधिक स्वर. हार्मोनियमची पांढरी पाच, म्हणजेच जी, हा षड्ज मानला, तर जी मेजरमध्ये सा, ग, प येतात. सी मेजरमध्ये म, ध, सा. डी मेजरमध्ये प, नी, रे. या तीन कॉर्डांत बिलावल थाटाचे सातही स्वर सामावतात. जी, सी, डी आणि पुन्हा जी हा क्रम नवशिक्याने प्रथम हाती घ्यावा, तो यासाठी. डीमधील निषाद कानाला षड्जाकडे ओढतो. त्यामुळे अखेरीस जी आली की चाल घरी परतल्यासारखी वाटते.

सराव मुख्यतः बदलाचा करावा. सर्वांत बारीक तार पहिली. जी चारही बोटांनी धरली, तर अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या घरात असते. डीमध्येही तिची जागा तीच. ते बोट न उचलता बाकीची हलवावीत. जीवरून ई मायनरवर जाताना पाचव्या तारेवरील तर्जनीही जागच्या जागी राहते. चार मात्रांना एक कॉर्ड धरावी. बदल साधत नसेल तर लय उतरवावी, पण छेडणारा हात थांबवू नये. दुकान वाढवून आल्यावर रोजची पंधरा मिनिटे पुरेत. रविवारी एकदम दोन तास बसल्याने बोटांची टोके तेवढी दुखतात.

खरी कसोटी पुढेच आहे. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य. त्या रागातील स्तवनाला सी वाजवली की मध्यम शिरतो, डी वाजवली की निषाद. आणि गाणाऱ्या आजींच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी रास्तच असते. अशा चालीला जी आणि ई मायनर या दोनच कॉर्ड पुरतात, कारण ई मायनरचे ध, सा, ग हे तिन्ही स्वर भूपातलेच. आजींची पट्टी काळी चार असेल, तर पहिल्या घरात कॅपो लावून याच बोटांनी वाजवावे.

वाद्य अजून घ्यायचे असेल, तर घरात आणखी एक प्रश्न निघतो: तारा कशाच्या? पूर्वी गिटारला जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या तारा लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनने त्यांची जागा घेतली. आज नवशिक्याच्या वाद्यावर नायलॉनच्या किंवा पोलादी तारा असतात. मात्र तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी काही महागड्या गिटारींत हाडाची असते. ती प्लास्टिकची आहे ना, हे दुकानदारास आधी विचारून घ्यावे.