दोन सेकंदांची खडखड

डिसेंबरातल्या एका सकाळी कोल्हापुरात मामेभावाच्या अंगणात चहा घेत उभा होतो. त्याने गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून खडखड असा आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. दोन सेकंदांत तो थांबला आणि इंजिन नेहमीसारखं चालू लागलं. "गार असलं की वाजतं, रोजचंच आहे," म्हणून तो कामाला निघाला. गाडी डिझेलची, २०१४ची, १ लाख ७१ हजार किलोमीटर पळालेली. दहा दिवसांनी त्याचा फोन आला. "दादा, सर्व्हिस सेंटरवाले टायमिंग चेन बदला म्हणतात. ३७ हजार होतील म्हणे. साखळी एवढी महाग असते होय?"

साखळी एवढी महाग नसते. पैसे लागतात ते तिच्यापर्यंत पोहोचायला. त्याने पाठवलेलं एस्टिमेट मी ओळीओळीने वाचलं. चेन किट ११,२००. सील, पॅकिंग, सीलंट २,६००. ऑईल, फिल्टर, कूलंट ४,३००. मजुरी १३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,६८८. एकूण ३७,२८८. दुसऱ्या दिवशी त्याने गल्लीतल्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो १६ हजारांत करून द्यायला तयार होता. एकच गाडी, एकच काम आणि दोन आकड्यांत २१ हजारांचा फरक. अशा वेळी माणसाला वाटतं की दोघांपैकी एक जण आपल्याला लुटतोय. हा फरक नेमका कशाचा आहे हे समजून घ्यायचं तर आधी ती साखळी करते काय हे बघावं लागेल.

इंजिनाच्या तळाशी क्रँक फिरतो, वर कॅम. पिस्टन खाली-वर होतात, त्यांच्या जोरावर क्रँक फिरतो. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतात ते कॅममुळे. क्रँकचे दोन फेरे होतील तेव्हा कॅमचा एकच व्हायला हवा, आणि तोही अगदी ठरलेल्या जागी. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दाते असतात आणि दोघांना बांधते ती टायमिंग चेन. सायकलची चेन आणि ही, दोघींचा पूर्वज एकच. हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाने १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश आणि रोलर असलेली साखळी तयार केली, तीच ही घडण. फरक एवढाच की सायकलची चेन डोळ्यांसमोर असते, ही मात्र झाकणाआड, तेलात भिजत फिरत असते.

ती किती फिरते याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. गाडीचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर एक लाख किलोमीटरला अडीच हजार तास होतात. मिनिटाला सरासरी दोन हजार फेरे धरले तर क्रँक तेवढ्यात तीस कोटी वेळा फिरतो. यात आणखी एक गोष्ट आहे. सिग्नलला उभं राहून एसी चालू ठेवला तरी चेन फिरतच असते. मीटरवर मात्र एक किलोमीटरही चढत नाही. म्हणून ठाण्या-मुंबईच्या रहदारीत ८० हजार पळालेली गाडी आणि हमरस्त्यावर ८० हजार पळालेली गाडी यांच्या चेनचं वय सारखं नसतं. जुनी गाडी घेताना लोक मीटर बघतात. पण इंजिनाने जे तास काढले, ते त्या मीटरवर कुठेच दिसत नाहीत.

"चेन ताणली" असं गॅरेजमध्ये म्हणतात, पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश एकमेकांवर घासून झिजतात. समजा साखळीत १३० कड्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी मिलीमीटरचा शंभरावा भाग झिजला, तर एकूण लांबी १.३ मिलीमीटरने वाढली. तेवढ्यानेही कॅम क्रँकच्या किंचित मागे पडू लागतो. ही सैल झालेली लांबी खेचून धरायला टेन्शनर असतो, आणि चेन सरळ धावावी म्हणून प्लास्टिकची तोंडं असलेल्या गाईड पट्ट्या असतात. बहुतेक गाड्यांत टेन्शनरला जोर मिळतो तो इंजिन ऑईलच्या दाबातून. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरतं. सकाळी इंजिन सुरू झालं की दाब चढायला एक-दोन सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ झिजलेली चेन मोकळी राहून गाईडवर, झाकणावर आपटते. मामेभावाच्या अंगणात मी ऐकला तो हाच आवाज.

आणि म्हणूनच चेनचं आयुष्य तेलावर ठरतं, हे मला अगदी आग्रहाने सांगावंसं वाटतं. डिझेल इंजिनाच्या तेलात काजळी उतरते, आणि ती पिन-बुशमध्ये बारीक पॉलिश पेपरसारखं काम करते. तेल जुनं झालं की गाळ धरतो, खाली तेलाच्या चेंबरमधली जाळी अर्धी बुजते, दाब उशिरा चढतो. मामेभावाची सर्व्हिसची वही मी मागवली. दर दहा हजारांनी बदलायचं तेल बारा, कधी पंधरा, एकदा तर एकोणीस हजारांवर बदललेलं. प्रत्येक वेळी तीनेक हजार रुपये पुढे ढकलले गेले होते.

या दुर्लक्षात दोष एकट्या मालकाचा मानायला मी तयार नाही. रबरी टायमिंग बेल्ट असलेल्या गाड्यांच्या पुस्तिकेत तो कधी बदलायचा याचा आकडा छापलेला असतो, गाडीनुसार ६० हजार ते दीड लाख किलोमीटर. मारुती ८००ला बेल्टच होता, त्यामुळे त्या पिढीच्या मालकांना हा खर्च माहीत होता. चेनच्या गाड्या आल्या तेव्हा विक्रीच्या टेबलावर एक वाक्य रुळलं: चेन आहे, कधी बदलावी लागत नाही. बहुतेक पुस्तिकांत चेनसाठी आकडाच नसतो. चेन बेल्टपेक्षा कितीतरी जास्त टिकते, हे खरंच आहे. पण "इंजिनाच्या आयुष्याइतकी" या शब्दांत वेळेवर बदललेलं तेल गृहीत धरलेलं असतं, आणि ते कोणी सांगत नाही. त्या एका वाक्याने लोकांचे फार पैसे गेले आहेत.

आता तर हा खर्च वेगळ्याच माणसांच्या खिशावर येतोय. आपल्याकडच्या असंख्य छोट्या डिझेल गाड्यांत फियाटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट इंजिन होतं. स्विफ्ट, डिझायर, टाटाची विस्टा, फियाटची स्वतःची पुंटो अशा कितीतरी गाड्यांना ते लागलं. आपल्या रांजणगावलाही ते बनत होतं. त्यालाही चेनच आहे. एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ नियम आले आणि त्या इंजिनाचा इथला प्रवास थांबला. म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पाच वर्षांपलीकडची. दहा-बारा वर्षांच्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत: भाजीचा व्यापारी, खासगी शिकवणीचे सर, नवीन नोकरीतला मुलगा. आधीच्या मालकाने तेल कधी बदललं हे त्यांना ठाऊक नसतं. तीनेक हजारांची चूक दुसऱ्याने केली आणि तीस हजारांचं बिल यांच्या हातात आलं, असं होतं.

पण खडखड ऐकू आली म्हणजे चेन गेलीच, असंही नाही. अल्टरनेटरची पुली, बाहेरच्या बेल्टचा टेन्शनर, वॉटर पंपाचं बेअरिंग हेही असेच वाजतात. बाहेरचा बेल्ट उतरवून गार इंजिन काही सेकंद चालवायचं. आवाज गेला तर दोष बाहेर, राहिला तर आत. ही तपासणी पंधरा मिनिटांची आहे. ती न करता कोणी चेनचं एस्टिमेट देत असेल तर सही करू नका. मामेभावाला मी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे पाठवलं. गाडी चालवत घेऊन गेल्यावर त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. "आत्ता गरम आहे. रात्री हितंच सोडून जावा," ते म्हणाले. "सकाळी गार इंजन चालू करून ऐकतो, मग सांगतो." त्या एका वाक्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सकाळी बेल्ट उतरवूनही आवाज राहिला. स्कॅनर लावला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचा कोड साठलेला होता.

आता दोन आकड्यांतल्या फरकाकडे येऊ. सर्व्हिस सेंटरच्या किटमध्ये चेन, टेन्शनर, दोन्ही गाईड आणि दातेरी चाकं होती. गल्लीतला गॅरेजवाला फक्त चेन आणि टेन्शनर घालणार होता, तेही कंपनीचे नव्हेत. झिजलेल्या चाकावर नवी चेन चढवली तर ती लवकर खराब होते, आणि तडकलेली गाईड तशीच ठेवली तर सहा महिन्यांत पुन्हा तीच मजुरी. म्हणजे १६ हजारांचं काम अर्धवट होतं.

मग मजुरी १३,५०० का? कारण काम लांब आहे. इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन बाजूचं माउंटिंग सोडवायचं, क्रँकची पुली काढायची, अनेक इंजिनांत चेंबरही उतरवायचा, मग टायमिंगचं झाकण निघतं. क्रँक आणि कॅम ठरलेल्या जागी पिनांनी जखडायचे, मग जुनी चेन उतरवायची. पुन्हा बसवताना झाकणाच्या कडेचं जुनं सीलंट खरवडून काढायला तासभर जातो, आणि तिथे घाई केली की महिन्याभरात तेल झिरपायला लागतं. कसलेल्या माणसाचा पूर्ण दिवस जातो. चेन कुठे आहे यावर हा आकडा आणखी बदलतो. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात ती मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथपर्यंत जायला गिअरबॉक्स किंवा आख्खं इंजिन उतरवावं लागतं, आणि मजुरी चेनच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते.

जीएसटीबद्दल एक बरी बातमी अशी की २२ सप्टेंबर २०२५पासून मोटारीच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे. त्याआधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. जुनं एस्टिमेट हातात असेल तर ते नव्याने करून घ्या. विम्याकडून मात्र काही मिळणार नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत बसत नाहीत.

या सगळ्यात सामान्य माणसाकडे तिसरा रस्ताही असायला हवा: भाग कंपनीचा, काम बाहेरच्या जाणत्या हातांचं. तो आज आहे, पण आपोआप मिळालेला नाही. कार कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध वर दाद मागायला गेल्या. पण उद्यमनगरातल्या मिस्त्रीला टायमिंग जखडायच्या पिना आणि स्कॅनर मिळणं हा ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न आहे, हे त्या आदेशाने लिहून ठेवलं. मला तो आदेश या ३७ हजारांच्या कागदाइतकाच जवळचा वाटतो.

मामेभावाने तोच रस्ता धरला. कंपनीचं पूर्ण किट दुकानातून ९,८००, सील-पॅकिंग १,९००, ऑईल-फिल्टर-कूलंट ३,६००, मिस्त्रींची मजुरी ८,०००. एकूण २३,३००. भागांची पक्की बिलं त्याने ठेवली आणि काढलेले सगळे जुने भाग मागून घेतले.

काम चाललं होतं तेव्हा मी तिथे गेलो. मिस्त्रींनी जुनी आणि नवी चेन भिंतीतल्या एकाच खिळ्याला लटकवली होती. जुनी दोनेक मिलीमीटर खाली उतरलेली होती. काढलेल्या गाईडच्या प्लास्टिकला नखाएवढी खोल चाकोरी पडली होती, आणि तिचा एक तुकडा चेंबरच्या जाळीत सापडला. ही चेन एक-दोन दात सरकली असती तर? मिस्त्रींनी बोट वर करून हेडकडे दाखवलं. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. काही डिझेल इंजिनांत आधी रॉकर तुटून थोडं वाचतं, पण त्याचा भरवसा नाही. हेड खोलायचं, व्हॉल्व्ह बदलायचे, हेड फेस करायला मशीन शॉपला पाठवायचं, पिस्टनला मार असेल तर हाफ इंजिन. त्यांचा अंदाज ७० ते ८० हजारांचा होता. गाडीची बाजारातली किंमत जेमतेम दोन लाख. तिथे दुरुस्ती करावी की गाडी भंगारात द्यावी, असा प्रश्न पडला असता. आत्ताच्या २३ हजारांत मात्र ही गाडी आणखी पाच-सहा वर्षं त्याला कामावर नेईल, म्हणून खर्च करण्याच्या बाजूने मी ठामपणे बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, थंडीत, आम्ही तिघे बॉनेट उघडून उभे होतो. मिस्त्रींनी किल्ली फिरवली. डिझेलचा नेहमीचा ठकठकाट तेवढा आला, आणखी काही नाही. त्यांनी गाडी बंद करून मार्करने बॉनेटच्या आतल्या बाजूला आकडा लिहिला: १,७१,८६०. त्याखाली दुसरा: १,८०,०००, ऑईल. मामेभावाने मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला.