एका घरातील दोन राउटर

खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि दोन्हीकडे एकेक राउटर, अशी रचना व्यापारी घरांत सर्रास आढळते. मग खालच्या संगणकातील लग्नाची चित्रफीत वरच्या टीव्हीला सापडत नाही. दोष टीव्हीचा नव्हे. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये असली की तेथे निराळे जाळे तयार होते, आणि उपकरणांनी एकमेकांना घातलेली हाक हा उंबरठा ओलांडत नाही. खालच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर वरच्यास १९२.१६८.१.२ द्यावा, त्याचे ‘डीएचसीपी’, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. मगच केबल ‘लॅन’ पोर्टमध्ये लावावी. मात्र आता हिशेबाचा संगणकही याच जाळ्यात येतो. पाहुण्यांना खालच्या राउटरचे ‘गेस्ट’ वायफायच द्यावे.