'लेफ्ट' म्हणजे डावा की उरलेला?

मंडळी, आपला मलकापूरचा भाग कापसाचा, म्हणून गणितही कापसाचंच घेऊ. वर्ग सेमी-इंग्रजीचा. शेतकऱ्याकडे १२ क्विंटल कापूस होता, ५ क्विंटल विकला. पुढे प्रश्न, 'हाऊ मच इज लेफ्ट?' आता बघा, मुलाला वजाबाकी येते. पण 'लेफ्ट' त्याला कवायतीतला माहीत, म्हणजे डावा! तो अडतो आणि आपण म्हणतो, गणित कच्चं आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. सेमी-इंग्रजीत तर गणित-विज्ञानही इंग्रजीतून. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलं, की नवी भाषा बोलण्यापुरती साधारण २ वर्षांत येते; अभ्यास करण्यापुरती यायला ५ ते ७ वर्षं लागू शकतात. तेही आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी असताना!

मग शाळेनं काय करावं? धड्याआधी त्यातले अडणारे पाच-सहा शब्द मराठीत, घरी उर्दू असेल तर उर्दूत, समजवावेत. उत्तर आधी घरच्या भाषेत सांगू द्यावं, मग इंग्रजीत. आणि पेपर तपासताना चूक भाषेची की गणिताची, हे वेगळं बघावं. नाहीतर हुशार पोर 'ढ' ठरतं, आणि तो शिक्का सहज पुसला जात नाही.