सायकल घेताना खिसा पाहा, गुडघाही पाहा

रक्तातील साखर वाढली किंवा रक्तदाब चढला, की आम्ही डॉक्टर मंडळी व्यायाम सांगतो. चालण्याचा कंटाळा असलेला रुग्ण मग विचारतो, "डॉक्टर, सायकल घेऊ का? आणि घ्यायची तर केवढ्याची?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे, थोडा दम लागेल पण बोलता येईल, इतपत व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सायकलने तो होतो. शिवाय अंगाचा बराचसा भार सीटवर असल्याने गुडघ्यांना धावण्याइतके हादरे बसत नाहीत. फसगत होते ती दुसऱ्या प्रश्नात.

पाच ते सात हजारांत दांडीची साधी काळी सायकल येते. वीसेक किलो वजनाची, बिनगिअरची. पण तिच्यावर माणूस ताठ बसतो, म्हणून मान आणि कंबर खूश असते. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर जागच्या जागी. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तरी या घडणीच्या सायकली अजून मिळतात आणि कोणताही पंक्चरवाला त्या दुरुस्त करतो. आपला कृष्णाकाठ बहुतांशी सपाट. इस्लामपूरहून बहे किंवा बोरगावकडे सकाळी फेरी मारून यायला गिअर नसले तरी चालते. ज्याला फक्त साखर आणि पोट आटोक्यात आणायचे आहे, त्याने एवढीच घेतली तरी औषधाला पुरते. एक उणीव मात्र लक्षात ठेवा : पावसात लोखंडी रिमवर ब्रेक नीट धरत नाही.

खरा सापळा नऊ ते बारा हजारांच्या टप्प्यात आहे. जाड गुटीचे टायर, पुढे-मागे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर, भडक रंग! पोरे हट्ट धरतात आणि बापही भुलतो. एवढ्या किमतीत हे सारे बसवायचे, तर प्रत्येक वस्तू हलकीच घालावी लागते. सांगाडा जड लोखंडाचा, आणि पायाने लावलेला जोर थोडाफार त्या स्प्रिंगा दाबण्यातच जातो. डांबरी रस्त्यावर जाड टायर घोंघावतात, ओढतात. दोन महिन्यांत गिअर अडकू लागतात आणि वर्षाच्या आत सायकलवर टॉवेल वाळत पडतात. वापरात न आलेली सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

पंधरा ते पंचवीस हजारांत अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, सरळ हँडलची, ३२ ते ४० मिलिमीटर रुंद टायरची सायकल येते. दुकानदार तिला हायब्रिड म्हणतात. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना माझा सल्ला हाच. वजन तेरा-चौदा किलो, खड्डे सोसते आणि कंबरेत फार वाकावे लागत नाही. पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा मोह इथेही टाळा. ते पैसे चांगल्या चाकांत जाऊ द्या.

तीस ते पन्नास हजारांत खरी रेसर, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक मिळू लागते. दहा-अकरा किलोची ही गाडी पळते छान. पण ती तरुणांसाठी, किंवा रोज तीस-चाळीस किलोमीटर करणाऱ्यांसाठी. शिमानोचे क्लॅरिस किंवा सोरा गिअर या कामाला पुरेसे आहेत. टायर मात्र २३ मिलिमीटरचे घेऊ नका, आपल्या रस्त्यांवर किमान २८ हवेत. त्यांची हवा चार दिवसांत उतरते. काहींचा व्हॉल्व्ह इतका बारीक असतो की नेहमीचा पंप लागतच नाही, तेव्हा घरी पंप ठेवावाच लागतो.

लाखाच्या पुढची कार्बनची सायकल कोणासाठी? नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशांसाठी. आपल्यापैकी बहुतेकांनी आधी स्वतःचे दोन किलो कमी करावेत. ते फुकट होतात.

किंमत विचारताना एक ध्यानात असू द्या. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. आणि बजेटातले दीड-दोन हजार हेल्मेट आणि दिव्यांसाठी आधीच बाजूला काढा.

आता गुडघ्याकडे वळू. 'सायकलने गुडघे दुखतात' म्हणून येणाऱ्यांपैकी अनेकांची सीटच खाली असते. सीट खाली असली तर वाटीच्या पुढे दुखते, फार वर असली तर गुडघ्याच्या मागे. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा जरासा वाकलेला राहील. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर जांघ आणि दांडी यांत किमान इंचभर अंतर हवे. हे दुकानातच पाहा, "पोरगा वाढेल" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. करंगळीला मुंग्या येत असतील, तर हातावर भार जास्त पडतो आहे. हँडल थोडे वर किंवा जवळ घ्यावे. मांडीच्या मध्ये बधिरपणा आला, तर सीटचे टोक वर उचललेले नाही ना, ते पाहा. सहन करीत बसू नका. साडी नेसणाऱ्या भगिनींनी बिनदांडीची, रुंद सीटची आणि पूर्ण चेनकव्हरची सायकल मागून घ्यावी.

चाळिशीपुढच्या, मधुमेह, रक्तदाब किंवा विडी-सिगारेट असलेल्या माणसाने जोरात सायकल मारण्याआधी एकदा तपासून घ्यावे. चढावर छातीत दाब आला, डावा हात भरून आला, गार घाम सुटला, तर थांबा आणि तडक दवाखाना गाठा. 'गॅस असेल' म्हणून घरी जाऊन झोपू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले की तिथेच खावी.

गाळप हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या चार महिन्यांत उजाडल्यावरच बाहेर पडा, आणि सायकलला मागे लाल दिवा लावा. तो दोन-तीनशे रुपयांत येतो.