भट्टीवरच्या बाया कुठे जातील? ‘प्रिन्सेस मोनोनोके’ आणि पर्यावरणाचा आपला प्रश्न

हायाओ मियाझाकी यांचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा ॲनिमेशनपट जुलै १९९७ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि पुढे ‘टायटॅनिक’ येईपर्यंत तिथल्या कमाईचा विक्रम त्याच्याच नावावर होता. आता स्टुडिओ घिब्लीचे बहुतेक सिनेमे भारतातही मोबाईलवर पाहता येतात. आपल्या मुलामुलींमध्ये ॲनिमे पाहणारा मोठा वर्ग आहे, त्यामुळे अनेकांनी हा सिनेमा पाहिलाही असेल. त्याची ओळख बहुतेक वेळा एका ओळीत करून दिली जाते : लांडग्यांनी वाढवलेली मुलगी जंगल वाचवण्यासाठी लोभी माणसांशी लढते.

ही ओळख अर्धवट आहे. जी ‘लोभी माणसे’ जंगल तोडत आहेत, ती कोण आहेत हे त्यात येत नाही. फुले-आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने हा सिनेमा पाहावा तो नेमका त्यासाठी.

कथा मुरोमाची काळातली आहे, म्हणजे साधारण चौदावे ते सोळावे शतक. आशिताका हा एमिशी जमातीतला तरुण. एमिशी म्हणजे जपानच्या ईशान्येकडचे लोक. यामातो दरबाराने त्यांना लढायांत हरवून मागे रेटले. सिनेमात त्यांचे उरलेसुरले गाव डोंगरात लपून जगते आहे. या गावावर एक प्रचंड रानडुक्कर चालून येते. त्याच्या अंगावर काळे, वळवळणारे किडे आहेत. आशिताका त्याला मारतो, पण त्याच्या उजव्या हाताला शापाचा डाग पडतो, आणि हा डाग हळूहळू जीव घेणार असतो. मेलेल्या डुकराच्या अंगात एक लोखंडी गोळी सापडते. ती आली कुठून, हे शोधत तो पश्चिमेकडे निघतो.

गोळी आली आहे तातारा-बा नावाच्या वस्तीतून. तातारा म्हणजे लोखंड गाळण्याची जुनी जपानी भट्टी. ही वस्ती उभी केली आहे एबोशी नावाच्या बाईने. नेहमीच्या सिनेमात ती खलनायिका असती. तिने डोंगर बोडके केले आहेत, जंगलाचा देव मारायला ती निघाली आहे. पण आशिताका वस्तीत शिरतो तेव्हा त्याला काय दिसते? भाते चालवत आहेत त्या बायका. एबोशीने त्यांना वेश्यागृहांतून पैसे भरून सोडवून आणले आहे. त्या मोठ्याने हसतात, पुरुषांना दटावतात, पोटभर जेवतात. भाता चालवणे हे कंबरडे मोडणारे काम आहे. तरीही त्यांपैकी एक जण आशिताकाला सांगते की शहरापेक्षा इथे बरे आहे, खायला मिळते आणि पुरुषांचा जाच नाही.

वस्तीच्या एका कोपऱ्यात, बाकीचे जिथे पाऊल टाकत नाहीत तिथे, अंगभर कापडी पट्ट्या गुंडाळलेली माणसे बंदुका बनवत बसलेली आहेत. सिनेमा त्यांच्या रोगाचा फारसा उच्चार करत नाही, पण २०१६ मध्ये मियाझाकींनी हे कुष्ठरुग्ण असल्याचे जाहीरपणे सांगितले. संतापलेल्या आशिताकाचा शापित हात एबोशीला मारायला तलवारीकडे जातो, तेव्हा अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा रुग्ण तिच्यासाठी जीवदान मागतो. आम्हाला माणूस म्हणून वागवणारी, आमच्या सडलेल्या जखमा स्वतःच्या हाताने धुणारी हीच एकटी होती, असे तो सांगतो.

या प्रसंगामागे खरी जागा आहे. टोकियोच्या पश्चिमेला तामा झेन्शोएन ही कुष्ठरुग्णांची सरकारी वसाहत १९०९ पासून आहे. मियाझाकी त्याच भागात राहतात आणि सिनेमाची जुळवाजुळव चालू असताना ते तिथे जाऊन आले होते. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना कायद्याने सक्तीने वेगळे ठेवले जाई. औषध निघाले, रोग बरा होऊ लागला, तरी कायदा राहिला. तो रद्द झाला १९९६ मध्ये, म्हणजे सिनेमा येण्याच्या आदल्या वर्षी. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने या धोरणासाठी सरकारला जबाबदार धरले आणि सरकारने अपील केले नाही. झेन्शोएनच्या रहिवाशांनी वसाहतीच्या आवारात वर्षानुवर्षे झाडे लावली. आपल्यामागे वारस नाहीत, निदान झाडे राहोत, ही त्यामागची भावना. आज त्या झाडीला ‘मानवी हक्कांचे जंगल’ म्हणून जपण्याचे काम चालते आणि मियाझाकींनी त्याला पाठबळ दिले आहे. पर्यावरणाच्या पुस्तकांत ही गोष्ट सहसा सापडत नाही.

आता आपल्याला टोचणारी बाजू. मध्ययुगीन जपानमध्ये कुष्ठरोगाला ‘गोब्यो’ म्हणत, म्हणजे कर्माचा रोग. मागच्या जन्मी धर्माची निंदा केली म्हणून या जन्मी हा देह, असे सांगितले जाई, आणि त्यासाठी सद्धर्मपुंडरीक सूत्राचा आधारही दिला जाई. बौद्ध देशातच हे घडले. त्याच देशात तेराव्या शतकात एइसोन आणि निन्शो या भिक्खूंनी रुग्णांची आणि ‘हिनिन’ म्हणवल्या जाणाऱ्यांची सेवा केली. नारा इथे निन्शोने उभारलेले रुग्णांचे निवासस्थान प्रसिद्ध आहे. हिनिन या शब्दाचा अर्थच ‘माणूस नसलेला’. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कनवाळू भिक्खू होते, आणि दुःखाचे खापर दुःखी माणसाच्याच मागच्या जन्मावर फोडणारी शिकवणही होती. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने जपानचा हा इतिहास जरूर वाचावा. विसाव्या शतकातसुद्धा बुराकू समाजातल्या मृतांना काही बौद्ध मंदिरांनी दिलेली अपमानास्पद मरणोत्तर नावे थडग्यांवर सापडली आणि पंथांना त्याबद्दल माफी मागावी लागली. बुराकूंची ‘सुइहेइशा’ ही संघटना १९२२ मध्ये क्योतोत स्थापन झाली. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा एका मंदिराच्या पुजाऱ्याचा मुलगा होता.

मियाझाकींवर इतिहासकार आमिनो योशिहिको यांच्या लेखनाचा प्रभाव होता. जपानचा इतिहास म्हणजे सम्राट, सामुराई आणि भातशेती करणारा शेतकरी, एवढाच नव्हता, हे आमिनो यांनी दाखवून दिले. कारागीर, फिरस्ते, खाणकामगार, वेश्या, बहिष्कृत, असे सगळे त्यांनी इतिहासात आणले. या सिनेमात सामुराई आहेत, पण लुटारू म्हणून. शेतकरी जवळजवळ नाहीतच. पडदा व्यापला आहे तो वहीत ज्यांचे नाव नसते त्यांनी.

म्हणजे तातारा-बा ही मुक्तीची जागा आहे. बाबासाहेब गावाला जातीचा कोंडवाडा मानत आणि शहर, उद्योग, वीज यांकडे अस्पृश्यांच्या सुटकेचा मार्ग म्हणून पाहत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी धरणे आणि वीज यांच्या योजनांना चालना दिली. ‘निसर्गाकडे परत चला’ या हाकेवर १९४५ च्या त्यांच्या ग्रंथात कडक टीका आहे. ज्याच्या वाट्याला तिथे उपास आणि अपमानच होता, त्याने परत का जायचे? एबोशीच्या बायकांना आणि रुग्णांना हाच प्रश्न विचारून पाहा. उद्या जंगल वाचावे म्हणून भट्टी बंद झाली, तर त्या बाया कुठे जातील? पुन्हा वेश्यागृहात?

आणि तरीही डोंगर बोडका आहे. मियाझाकी यातून सुटू देत नाहीत. तातारा भट्टीला लोहयुक्त वाळू आणि लाकडी कोळसा लागतो. पारंपरिक पद्धतीत तीन दिवस-रात्र चालणाऱ्या एका गाळणीला दोन्हींचे साधारण दहा-दहा टन लागत आणि हाती येई अडीच टनांच्या आसपासचा लोहगोळा. वाळूसाठी डोंगर खणून पाण्याने धुवायचा, कोळशासाठी झाडे तोडायची. रुग्णांनी बनवलेल्या बंदुकीची गोळी रानडुकरांच्या म्होरक्याच्या, नागोच्या, हाडात घुसली आणि वेदनेने, द्वेषाने तो शापदैवत होऊन धावत सुटला. बहिष्कृतांच्या मुक्तीचे हत्यार दुसऱ्या एका बहिष्कृताच्या, म्हणजे एमिशी तरुणाच्या हातावर डाग बनून उमटले. शोषिताच्या हाताने घडले म्हणून ते नुकसान नुकसान राहत नाही, असे सिनेमा म्हणत नाही. आपणही म्हणू नये.

पण जंगलदेवाला मारायचा हुकूम कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. देवाच्या शिरात अमरत्व आहे म्हणून ते सम्राटाला हवे आहे. ते मिळवण्यासाठी जिको-बो हा भिक्षूच्या वेशातला मनुष्य राजमुद्रेचा कागद घेऊन फिरतो. (जपानी सिनेमात चीवर घातलेला प्रत्येक जण भला असतो असे नाही, हे पाहून आपल्या काही उपासकांना धक्का बसेल. बसू द्या.) शेजारचा सरंजामदार आसानो याला एबोशीचे लोखंड फुकटात हवे आहे, आणि त्याच्यापासून वस्ती वाचवण्यासाठी एबोशी दरबाराशी सौदा करते. बायका भाता चालवतात तो पोटासाठी. देवाचे डोके कापले जाते ते राजवाड्यासाठी. दोष यंत्राचा नाही, खाजगी मालकी आणि वैयक्तिक नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा बाबासाहेबांच्या त्या टीकेचा गाभा होता. कारखान्यावर शेतकरी-मजुरांना दोषी धरणारी आणि मालकाचे नाव न घेणारी जी पर्यावरणाची भाषा आपण रोज ऐकतो, तिला हे लागू पडते. शहराचा कचरा वेचणारा आणि गटारात उतरणारा माणूस त्या भाषेत सहसा नसतोच. मियाझाकींच्या आधीच्या ‘नौसिका’ (१९८४) या सिनेमामागे मिनामाताच्या खाडीतल्या पाऱ्याच्या विषाची आठवण होती. तिथेही आधी मेली ती मासळीवर जगणारी कोळ्यांची घरे.

हा बौद्ध सिनेमा आहे का? नाही, आणि ओढूनताणून तसा ठरवू नये. त्यातली झाडांची भुते, लांडगे-डुकरांचे देव हे जपानच्या जुन्या लोकश्रद्धेतले आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला या देवांचे काय करायचे, असे कोणी विचारेल. त्यांच्यापुढे हात जोडा असे सिनेमा कुठेच सांगत नाही. शिशिगामी हा जंगलदेव बोलत नाही, नवसाला पावत नाही, भक्त-अभक्त पाहत नाही. त्याच्या पावलाखाली गवत उगवते आणि तिथेच वाळते. त्याला गोळी लागते आणि तो मरतो. निसर्ग आपल्याला बक्षीस देत नाही की शिक्षा करत नाही, एवढेच या पात्रातून कळते, आणि ते समजायला श्रद्धेची गरज नाही.

धम्माच्या जवळ जाणारी गोष्ट दुसरी आहे. एबोशी आशिताकाला विचारते, तू इथे कशाला आलास? तो सांगतो, गढूळ न झालेल्या डोळ्यांनी पाहायला आणि ठरवायला. यावर ती हसते. पण पुढे तो तेच करतो. जंगलाच्या बाजूने बोलताना तो भट्टीवरच्या बायकांना विसरत नाही, आणि त्यांच्यासोबत भाता चालवताना सानला, त्या लांडग्यांच्या मुलीला, शत्रू मानत नाही. त्याचा हात रागात बळकट होतो, एका बाणात मुंडके उडवतो, पण प्रत्येक वेळी डाग वाढतो. वैराने मिळणारी ताकद आणि तिची किंमत इतक्या साध्या रीतीने चित्रात दाखवलेली मी क्वचित पाहिली आहे. चळवळीत राग लागतो, तो खोटा नाही. तो किती दिवस हातात धरायचा, हा प्रश्न मात्र आपल्या बैठकांमध्ये फारसा निघत नाही.

शेवट गोड नाही. देवाचे शिर परत केले जाते, डोंगर पुन्हा हिरवे होतात, पण ते जुने घनदाट जंगल नाही, देव गेला. भट्टी जळून-मोडून गेली आहे, एबोशीने एक हात गमावला आहे, आणि ती म्हणते की आपण नव्याने सुरुवात करू, चांगले गाव उभारू. सान माणसांना क्षमा करू शकत नाही, तसे ती स्पष्ट सांगते. आशिताका तातारा-बातच राहायचे ठरवतो आणि तिला भेटायला जंगलात जात राहील, असे म्हणतो. त्याच्या हातावरचा डाग पुसट झाला आहे, गेलेला नाही.

‘चांगले गाव’ म्हणजे काय, हे सिनेमा सांगत नाही. इतिहासात थोडे सापडते. जपानच्या इझुमो भागात तातारा भट्ट्या शतकानुशतके चालल्या. तिथे एका वेळी सगळे रान न तोडता साधारण तीस वर्षांच्या फेऱ्याने, झाडे पुन्हा वाढवत कोळसा केला जाई. वाळूसाठी धुतलेल्या डोंगरांवर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे तयार झाली. आज ओकुइझुमोत गेलात तर ती खाचरे दिसतात. नद्यांत गाळ साचून खालच्या गावांना त्रासही झाला. आणि त्या खऱ्या भट्ट्यांत बायकांना प्रवेश नव्हता. भट्टीच्या देवीला बायका चालत नाहीत, अशी समजूत होती. बायकांच्या हाती भाता दिला तो मियाझाकींनी.

विहारात किंवा वसतिगृहात दाखवायचा असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सव्वादोन तासांचा सिनेमा आहे आणि त्यात मुंडकी, हात तुटतात, म्हणून तो लहान मुलांसाठी नको, आठवी-नववीच्या पुढच्यांना चालेल. आणि शक्यतो मूळ जपानी आवाजात, सबटायटल्ससह दाखवा. सिनेमा संपल्यावर चर्चेला ‘जंगल वाचवायचे की नाही’ हा विषय घेऊ नका, त्यावर सगळे हो म्हणतील. एबोशीच्या जागी तुम्ही असता तर आसानोच्या सैन्यापासून वस्ती कशी वाचवली असती, हे विचारा. मुले बराच वेळ भांडतील.