कर की दंड? : पापकर आणि प्राप्तिकर यांच्या न्याय्यतेचा विचार

महाराष्ट्रात मद्यावर जे उत्पादन शुल्क आकारले जाते, त्याचा आधार ज्या कायद्यात आहे त्याचे नाव ‘दारूबंदी अधिनियम’ असे आहे. १९४९ साली तत्कालीन मुंबई प्रांतात संमत झालेला हा कायदा आजही अमलात असून त्याच्याच १०५ व्या कलमान्वये राज्य शासन मद्यावर शुल्क बसविते. ज्या कायद्याने एखादी वस्तू निषिद्ध ठरवावी त्याच कायद्याने तिच्यापासून उत्पन्नही मिळवावे, ही विसंगती केवळ नावापुरती नाही. मद्य, तंबाखू, पानमसाला इत्यादी वस्तूंवरील ज्या करांना अलीकडे ‘पापकर’ असे संबोधिले जाते, त्या सर्वांच्या स्वरूपातच ती अंतर्भूत आहे. असा कर प्राप्तिकराच्या तुलनेने न्याय्य ठरतो काय, या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी पापकर म्हणजे नेमके काय, हे ठरविणे म्हणूनच आवश्यक होते.

मराठी भाषेने कर आणि दंड यांत स्पष्ट भेद केला आहे. कर ‘बसतो’ आणि तो ‘भरला’ जातो; दंड ‘होतो’ आणि तो ‘ठोठावला’ जातो. कर भरणाराच्या ठिकाणी दोष गृहीत धरलेला नसतो. दंड दोषावाचून संभवत नाही. जुना ‘अबकारी’ हा शब्द या दृष्टीने तटस्थ होता. फारसीतील ‘आब’ म्हणजे पाणी व ‘कार’ म्हणजे काम यांपासून तो बनला असून मद्य गाळण्याच्या व विकण्याच्या व्यवसायाचा, आणि पुढे त्यावरील कराचा, तो वाचक झाला. त्यात पापपुण्याचा स्पर्श नाही. ‘पापकर’ या समासाची गोष्ट निराळी आहे. त्याचा विग्रह ‘पापावरील कर’ असा केल्यास, घरावरील कराप्रमाणे पाप हे केवळ कराचे अधिष्ठान ठरते. ‘पापाबद्दलचा कर’ असा केल्यास तो नावाने कर पण वस्तुतः दंड होतो. पहिल्या अर्थी कराचे यश वसुलीत आहे. दुसऱ्या अर्थी ते वसुली उत्तरोत्तर घटत जाण्यात आहे. शासन बहुधा दोन्ही अर्थ एकाच वेळी वापरते: दरवाढीचे समर्थन दुसऱ्या अर्थाने केले जाते आणि अंदाजपत्रक पहिल्या अर्थाने तयार होते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने देशी मद्यावरील शुल्क प्रतिप्रूफ लिटर १८० रुपयांवरून २०५ रुपये केले व विदेशी पद्धतीच्या देशात बनणाऱ्या मद्यावरील शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटीपर्यंत वाढविले. त्या वेळी या व अन्य उपायांतून सुमारे १४,००० कोटी रुपयांचे वाढीव उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले होते. मद्यपान घटविणे हाच मुख्य हेतू असता, तर अपेक्षेची भाषा निराळी असती.

प्राप्तिकराची न्यायकल्पना याहून भिन्न आहे. प्रत्येकाने आपल्या ऐपतीच्या प्रमाणात राज्याच्या खर्चाचा भार उचलावा, हे तत्त्व अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडले. भारतात १८६० साली सुरू झालेला प्राप्तिकर पुढे चढत्या दरांच्या द्वारे या तत्त्वाच्याही पलीकडे गेला. प्राप्तिकर ‘तुझी ऐपत किती?’ असे विचारतो. पापकर ‘तू काय केलेस?’ असे विचारतो. हे प्रश्न दोन निरनिराळ्या न्यायकल्पनांतून निघालेले आहेत आणि एकाच्या मापाने दुसरा मोजला की वाद निष्फळ होतो. तथापि दोघांचाही भार अखेर माणसाच्या उत्पन्नावरच पडत असल्यामुळे तुलना टाळताही येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मजुराचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये व एका अधिकाऱ्याचे १,५०,००० रुपये आहे आणि दोघेही मद्यावरील कराच्या रूपाने दरमहा ९०० रुपये देतात, असे समजू. मजुराच्या उत्पन्नाचा ६ टक्के भाग करात गेला, अधिकाऱ्याचा ०.६ टक्का. प्राप्तिकराचे चित्र याच्या उलट दिसते. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत मजुराला काहीच द्यावे लागत नाही. अधिकाऱ्याचे १८ लाख रुपयांचे वार्षिक उत्पन्न संपूर्ण करपात्र धरल्यास त्याला, उपकर वगळून, १,६०,००० रुपये, म्हणजे जवळजवळ ९ टक्के द्यावे लागतात. अधिकारी महाग मद्य घेईल आणि अधिक कर देईल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु उत्पन्न दसपट असलेल्या माणसाचा मद्यावरील करही दसपट झाला तरच भार समप्रमाण होईल, आणि तसे क्वचितच घडते. ऐपतीच्या मापाने पापकर प्रतिगामी आहे, हा निष्कर्ष त्यामुळे टिकतो.

पापकराचे समर्थक या मापालाच हरकत घेतात. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, मद्य किंवा तंबाखू ही जीवनावश्यक वस्तू नाही. ज्याला कर नको त्याने ती वस्तू घेऊ नये. साखर, रम व तंबाखू या सार्वत्रिक वापराच्या असूनही कोठेच जीवनावश्यक नसलेल्या वस्तू असल्यामुळे त्या कराला योग्य आहेत, असे स्मिथचेही मत होते. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये या प्रश्नाचा अधिक सूक्ष्म विचार केला. केवळ मद्य दुर्मीळ व्हावे एवढ्याच हेतूने बसविलेला कर म्हणजे सौम्य रूपातील बंदीच होय, आणि बंदी समर्थनीय असेल तरच तो समर्थनीय आहे, असे तो म्हणतो. परंतु राज्याला कोठे तरी कर बसविणे भागच आहे, तेव्हा ज्या वस्तूंवाचून माणसाचे अडत नाही त्या प्रथम निवडाव्यात आणि जास्तीत जास्त उत्पन्न मिळेपर्यंत दर वाढवावा, एवढे त्याला मान्य आहे. दुसरे समर्थन पिगू याच्या १९२० मधील विवेचनावर आधारलेले आहे. एकाच्या कृतीमुळे इतरांना जी हानी पोहोचते तिची किंमत बाजारभावात येत नाही; कराने ती त्यात आणावी. या दृष्टीने पापकर ऐपतीशी नव्हे, तर हानीशी प्रमाणबद्ध असावयास हवा.

ही दोन्ही समर्थने एका गृहीतावर उभी आहेत. किंमत वाढली की माणूस सेवन कमी करू शकतो, हे ते गृहीत होय. वरील मजुराचेच उदाहरण पुढे नेऊ. तेवढ्याच मद्यावरील कर ९०० वरून १,३५० रुपये झाला आणि त्याने सेवन एकतृतीयांशाने घटविले, तर त्याला पूर्वीइतकेच ९०० रुपये द्यावे लागतील. शिवाय कमी घेतलेल्या मद्याची मूळ किंमत वाचेल आणि प्रकृतीही सुधारेल. येथे दरवाढ गरिबाच्या हिताची ठरली. पण सवय सुटली नाही, तर त्याला १,३५० रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या ९ टक्के द्यावे लागतील, आणि ही तूट घरातील धान्य, औषध वा मुलांची फी यांतून भरून निघेल. व्यसन म्हणजे किंमत न जुमानणारी सवय. सारांश, ज्याला सोडता येते त्याच्यावर हा कर हलका होतो आणि ज्याला सोडता येत नाही त्याच्यावर तो पुरेपूर बसतो. त्यातही खजिन्यात पैसे भरणारा आणि त्या भरण्याची झळ सोसणारा यांत फरक असतो. मद्यपी पुरुषाचा पापकर प्रत्यक्षात त्याची पत्नी व मुले देतात. ज्यांनी ‘पाप’ केलेच नाही त्यांच्यावर तो दंड पडतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक गावांत ‘उभी बाटली’ की ‘आडवी बाटली’ या चिन्हांवर महिलांनी मतदान करून दुकाने बंद करविली आहेत. दर किती असावा, हा त्या मतदानाचा विषयच नव्हता.

तथापि कर काढून बंदी आणली म्हणजे अन्याय संपला, असेही नाही. बंदीने महसूल बुडतो आणि तो कोठून तरी भरून काढावा लागतो. या बाबतीत १९३७ ते १९३९ या काळातील प्रांतिक मंत्रिमंडळांचा अनुभव फार बोधप्रद आहे. मुलांच्या शिक्षणाचा खर्च दारूच्या उत्पन्नातून चालावा, याबद्दल गांधीजींनी १९३७ मध्ये ‘हरिजन’ पत्रातून तीव्र खेद व्यक्त केला, आणि स्वावलंबी शिक्षणाच्या त्यांच्या योजनेमागे हा पेच हे एक कारण होते. मद्रास प्रांतात राजगोपालाचारी यांनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून दारूबंदीला प्रारंभ केला आणि महसुलाची तूट भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळातील डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. तिच्यासाठी शहरातील स्थावर मिळकतीवर वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के कर बसविण्यात आला.

दोन्ही प्रांतांनी एकच कर सोडला. पण त्याच्या जागी आणलेले कर परस्परांहून अगदी भिन्न होते. मद्रासमध्ये मद्यपी मजुराचा भार त्याच्यावरून उतरून सर्व ग्राहकांवर पसरला. त्यात कधी मद्याला न शिवलेला गरीबही आला. मुंबईत तोच भार प्रथमतः घरमालकांवर पडला. तो भाड्यात ढकलण्याची शक्यता मान्य केली, तरी हा कर ऐपतीच्या तत्त्वाशी अधिक जवळचा होता. याचा पुरावा खुद्द त्याच्याविरुद्धच्या दाव्यातच आहे. १९३५ च्या कायद्यानुसार शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांना नव्हता. म्हणून हा कर म्हणजे वेषांतर केलेला प्राप्तिकरच आहे, असा युक्तिवाद घरमालकांच्या वतीने करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य करून हा जमिनी व इमारतींवरील कर असल्याचा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने तो प्राप्तिकर नव्हता. परंतु मजुराच्या प्याल्यावरून मालमत्तेच्या उत्पन्नाकडे भार नेण्याचा तो प्रयत्न होता, हे त्या वादाने उघड केले.

हा अडसर आजही कायम आहे. संविधानाने शेतीखेरीज उत्पन्नावरील कर संघराज्याकडे आणि मानवी सेवनाच्या मद्यावरील शुल्क राज्यांकडे सोपविले आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा करातूनही हे मद्य वगळलेले आहे. केंद्रीय करांतील वाटा राज्यांना मिळतो. पण स्वतःच्या हाताने दर वाढविता येईल अशी साधने त्यांच्याकडे थोडी उरली आहेत, आणि मद्य हे त्यांतील प्रमुख होय. पापकर की प्राप्तिकर, अशी निवड राज्यापुढे प्रत्यक्षात नसतेच. दुसऱ्या बाजूने प्राप्तिकराची न्याय्यताही कागदावर दिसते तितकी निर्दोष नाही. शेतीचे उत्पन्न, ते कितीही मोठे असले तरी, केंद्राच्या करकक्षेबाहेर राहते. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जातो, तर रोखीने व्यवहार करणाऱ्याला उत्पन्न दडविणे सोपे जाते. बाटलीवरील कर मात्र विकत घेणाऱ्या कोणालाही चुकविता येत नाही. तो चुकवावयाचा तर हातभट्टीकडे जावे लागते. त्या वाटेचा शेवट कोठे होऊ शकतो, हे जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली तेव्हा दिसले. दंड म्हणून दर कितीही वाढविता येत नाही, याचे हे सर्वांत कठोर कारण होय.

दोन न्यायकल्पनांचा संघर्ष बिडीच्या बाबतीत सर्वांत स्पष्टपणे दिसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के आणि बिडीसाठी १८ टक्के दर ठरविला. बिडीचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा निरुपद्रवी नाही. हानीच्या मापाने या भेदाला आधार नाही. ऐपतीच्या मापाने तो आहे, कारण बिडी ओढणारा बहुधा गरीब असतो आणि ती वळणाऱ्या, सोलापूरसारख्या ठिकाणच्या, हजारो स्त्रियांची रोजी तिच्यावर अवलंबून असते. परंतु या सवलतीची परिणती अशी की, कमी दरामुळे गरिबाचा पैसा वाचतो आणि त्याच कमी दरामुळे त्याची सवयही टिकते. पापकरात ऐपतीचे तत्त्व मिसळले की त्याचा प्रतिबंधक गुण क्षीण होतो. ते न मिसळले तर तो दुर्बलांवर अधिक बसतो. या पेचातून केवळ दराच्या निवडीने सुटका होत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, पापकराची न्याय्यता त्याच्या दराकडे एकट्याने पाहून ठरत नाही. हा कर नसता तर ते उत्पन्न कोणाकडून घेतले गेले असते, आणि आलेले उत्पन्न कोणाकडे जाते, हे दोन प्रश्न त्याला जोडूनच विचारावे लागतात. विक्रीकराच्या जागी आलेला पापकर आणि प्राप्तिकराच्या जागी आलेला पापकर हे, दर एकच असला तरी, सारखे न्याय्य नाहीत. त्याचप्रमाणे ज्या कुटुंबांतून तो वसूल होतो त्यांच्याकडेच व्यसनमुक्तीच्या, आरोग्याच्या व पर्यायी रोजगाराच्या रूपाने तो परत गेला, तर त्याची प्रतिगामिता बऱ्याच अंशी निवारली जाते. सर्वसाधारण तिजोरीत मिसळून गेला, तर दुर्बलांच्या सवयीवर सर्वांचा खर्च चालविल्यासारखे होते. या कराला दंड म्हणावयाचे असेल, तर त्याची वसुली घटत जाण्याची तयारी शासनाच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे; ती दिसत नसेल, तर त्याला कर म्हणून प्राप्तिकराच्याच कसोटीला उतरावे लागेल.